उस्तादांच्या जीपचा भाव

अजूनही महिना-दोन महिन्यांतून एखादा माणूस माझं घर विचारत येतो. त्याला जुनी जीप घ्यायची असते किंवा विकायची असते, आणि ती अमेरिकन आहे की आपल्याकडची, एवढं मी बघून सांगावं असं त्याचं म्हणणं असतं. मी गुडघ्यांकडे बोट दाखवतो. गुडघे दुखतात हे खरंच आहे, पण ते धडधाकट असते तरी मी गाडीखाली शिरलो नसतो. लोखंडाचं कूळ सांगण्याचा मला मनापासून कंटाळा आला आहे. ज्यांच्याकडून ही पारख शिकलो त्यांच्याच बाबतीत मी ती कशी वापरली, हे त्या आलेल्या माणसाला सांगता येत नाही. चहा पाजून वाटेला लावतो.

उस्तादांचं गॅरेज धाराशिवच्या स्टँडमागच्या गल्लीत होतं. वर पत्रे, खाली ऑइल पिऊन काळी पडलेली जमीन, आणि मागच्या बाजूला त्यांचं घर. आयटीआय करून मी तिथं लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. वडील तामलवाडीला शेतात राबायचे. बौद्ध वस्तीतली माझ्या वयाची दोन-तीन मुलं कचेऱ्यांत लागली होती, आणि वडिलांच्या डोळ्यांपुढे माझ्यासाठीही टेबलखुर्चीच होती. मी पाने-हातोडी धरली याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटलं. पहिल्या दिवशी उस्तादांनी माझं आडनाव विचारलं नाही. एक पाना हातात दिला आणि म्हणाले, "न देखते बोल, कित्ते का है." मी सांगितलं. बरोबर निघालं. दुपारी त्यांच्या घरातून भाकरी आली, ती आम्ही एकाच ताटात खाल्ली. त्या काळात धाराशिवमध्ये सगळीकडे असं होत नव्हतं, आणि मी ते मनात नोंदवून ठेवलं.

गॅरेजच्या तोंडाशी त्यांची स्वतःची जीप उभी असायची. अमेरिकन, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, लढाईच्या काळातली. फौजेनं मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव व्हायचा, त्यात उस्तादांनी ती तरुणपणी घेतली होती. बारा-तेरा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात राबून साठवलेले सगळे पैसे तिच्यात गेले होते. अंगावरचा हिरवा रंग त्यांनी कधी बदलला नाही. गिऱ्हाइकाची गाडी ते तोंडात विडी धरून दुरुस्त करत. स्वतःच्या जीपचं बॉनेट उघडताना विडी बाजूला ठेवत.

जीप तेव्हा आमच्याकडे दोन प्रकारच्या. एक ही अशी बाहेरून आलेली, आणि दुसरी देशी. देशी म्हणजे तरी काय, सुरुवातीला सगळे सुटे भाग खोक्यांत भरून तिकडूनच यायचे आणि इथं जोडले जायचे. पुढे एकेक भाग इथंच ओतला जाऊ लागला. पहिल्या काही वर्षांच्या देशी गाड्यांचं इंजिन अमेरिकन इंजिनाशेजारी ठेवलं तर चांगल्या फिटरलाही दोनदा बघावं लागे. तरीही अमेरिकन म्हटलं की भाव दीडपट. मोठे बागायतदार, ठेकेदार, सहकारी संघाचे पदाधिकारी, सगळे गॅरेजात येऊन आधी तेच विचारायचे: अस्सल आहे का? मला आतून हसू यायचं. माणसाला मूळ गाव नि कूळ विचारून झाल्यावर यांनी आता गाडीलाही विचारायला घेतलं होतं. मी उस्तादांना एकदा तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "पूछने दे. पन जवाब सच्चा देना, बस."

तो जवाब कुठे सापडतो हे त्यांनी मला शिकवलं. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, वॉटर पंपाच्या मागे, ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडावर, बोटभर सपाट जागा असते. तिथं नंबर ठोकलेला असतो. आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग सहा आकडे. आरटीओच्या पुस्तकात तोच नंबर हवा. देशी ब्लॉकवर वेगळी अक्षरं. एकदा एक ठेकेदार देशी गाडी घेऊन आला. त्याला तो नंबर घासून अमेरिकन नंबर ठोकून हवा होता, गिऱ्हाईक तयार होतं आणि उस्तादांनाही चांगला वाटा मिळणार होता. उस्तादांनी त्याची गाडी स्वतः ढकलत रस्त्यावर नेऊन सोडली. "मेरे हात से लोहे पे झूट नक्को लिखवाओ," एवढंच म्हणाले. मला त्या माणसाचा अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना हात जड होतो.

बहात्तरच्या दुष्काळात उस्तादांची जीप आमच्या तालुक्याच्या सहकारी संघानं भाड्यानं घेतली. दुष्काळी कामांवर जिथं हजारो माणसं खडी फोडत होती, तिथं संघानं स्वस्त धान्य पोचवायचं असं ठरलं होतं. मागे ट्रेलर जोडून आम्ही जोंधळ्याची पोती न्यायचो. त्या भाड्यावरच उस्तादांचं घर चाललं होतं, कारण गॅरेजात तर कुत्रंही फिरकत नव्हतं. लोकांकडे खायला नव्हतं, गाड्या कोण दुरुस्त करणार? त्याच उन्हाळ्यात उस्तादांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या खालाच्या, पोटात गाठ निघाली. ते तिला घेऊन हैदराबादला दवाखान्यात गेले. जाताना जीपची किल्ली माझ्या हातात दिली. "इंजिन का ख्याल रख. बाकी सब मरम्मत होता."

पंधरा दिवस नीट गेले. मग एका दुपारी जळकोटच्या पलीकडे पाझर तलावाच्या कामावर पोती उतरवली. पाण्याचा टँकर दोन दिवस आला नव्हता. बायका जीपभोवती उभ्या राहिल्या. पोत्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांची नजर ट्रेलरला बांधलेल्या पाण्याच्या डब्यावर. ते पाणी रेडिएटरसाठी होतं; जीपचा रेडिएटर गळका होता आणि भर उन्हात दर दहा मैलांवर पाणी मागायचा. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, गाडी थांबली तर थांबल, माणूस थांबलं तर?" मी काही फार दयाळू नव्हतो. नाही म्हणणं जिवावर आलं, एवढंच. डबा सोडून खाली ठेवला आणि त्यांच्याकडे न बघता गाडी चालू केली.

चढाला लागलो तसं इंजिन तापलं. मी थांबायला हवं होतं, सावलीला उभी करून तास-दोन तास निवू द्यायला हवं होतं. पण त्या उजाड रानात सावली कुठं होती? वाफ बाहेर आली, इंजिन ठोके द्यायला लागलं आणि बंद पडलं. तेवढ्यात समोरून टँकर आला, त्याच कामावर निघालेला. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्यानं नळी सोडून एक घागरभर पाणी देऊ केलं, पण थांबायला तयार नव्हता. घागर त्याची होती, ती लगेच परत हवी होती, आणि टँकरच्या मागे धावत आलेली पोरंबाळं घागरीकडे टक लावून उभी होती. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही हे मला आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं, आणि उस्तादांनी दहा वेळा बजावलं होतं. मी ओतलं. आत्ता नाही ओतलं तर ते पाणी मिळणारच नाही, एवढाच विचार डोक्यात होता. त्या वर्षी पाण्याच्या बाबतीत सगळ्यांचंच डोकं तसं झालं होतं. आतून बारीक टचकन आवाज आला. ब्लॉकला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

संघाच्या सचिवानं चार दिवसांची मुदत दिली. तोपर्यंत गाडी चालू झाली नाही तर दुसऱ्याची लावतो म्हणाला, आणि दुसरे तयारच बसले होते. उस्तादांना पत्र लिहायला घेतलं. 'खालाचं ऑपरेशन झालं का' इथपर्यंत लिहिलं आणि फाडून टाकलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाला हे कळवून तो काय करणार होता? जीप ट्रकमागे बांधून गॅरेजात आणली, तडा गेलेला ब्लॉक खोलून हातगाडीवर स्टँडवर नेला, एसटीच्या टपावर चढवला आणि सोलापूरच्या भंगार बाजारात गेलो. तिथं एका उलटलेल्या देशी जीपचा ब्लॉक मिळाला, सुरुवातीच्या वर्षांतला, मापाला माप जुळणारा. भंगारवाल्यानं उस्तादांचा अस्सल अमेरिकन ब्लॉक वजनाच्या भावात घेतला आणि वरचे पैसे मी माझ्या पगारातून दिले. परतीच्या वाटेवर तामलवाडी लागली. वडिलांना भेटावंसं वाटत होतं, पण टपावर तो ब्लॉक होता. उतरलो नाही.

इंजिन दोन दिवसांत बसवलं. हातांना फोड आले. मग राहिला नंबर. पुढच्या आठवड्यात आरटीओचे साहेब गावात कॅम्पला येणार होते आणि भाड्याच्या गाड्या तपासणार होते. पुस्तकात एक नंबर आणि ब्लॉकवर दुसरा, म्हणजे गाडी उभी. रीतसर अर्ज करून इंजिन बदलल्याची नोंद होत होती, पण तिला मालकाची सही लागायची आणि मालक हैदराबादला. मी सोलापूरहून येतानाच लोखंडावर अक्षरं-आकडे ठोकायच्या पंचांचा एक संच घेतला होता. म्हणजे मला काय करायचं आहे हे मला तिथंच ठाऊक होतं, गळ्याशी आल्यावर सुचलं असं म्हणण्यात अर्थ नाही. कानशीनं देशी नंबर घासला. त्या बोटभर जागेवर एकेक अक्षर, एकेक आकडा हातोडीनं ठोकला. त्या संचातला तीनचा आकडा वर सपाट होता, फौजेच्या नंबरातला गोल होता. ग्रीस फासलं, दिसेनासं झालं.

महिन्यानं उस्ताद परत आले. खाला वाचली होती, बारीक होऊन काठी झाली होती. उस्तादांनी जीप चालू केली, कान लावला आणि म्हणाले, "आवाज बदल्या."

"तापलं व्हतं, उस्ताद. खोलून बोअर केलं, पिस्टन बदलले," मी म्हणालो. म्हणजे ब्लॉक तोच, फक्त सिलिंडर आतून घासून घेतलेले.

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एकट्यानं केलंस का म्हणून विचारलं, आणि खालाला आत जाऊन सांगितलं की पोरगा तयार झाला. त्या क्षणी बोललो असतो तर काय झालं असतं? शिव्या दिल्या असत्या. दोन दिवस बोलले नसते. आरटीओत जाऊन खरी नोंद केली असती, आणि विषय संपला असता. एवढीच किंमत होती तेव्हा खरं बोलण्याची. मी ती दिली नाही, आणि पुढे ती दरवर्षी वाढत गेली.

नंतर पेट्रोलचा भाव कडाडला आणि जीपांची दुनिया उलटी झाली. अमेरिकन गाडी म्हणजे पेट्रोल पिणारी म्हैस. लोकांनी धडाधड इंजिनं काढून डिझेलची बसवली, डावं स्टिअरिंग उजवीकडे आणलं. नव्या देशी डिझेल जीपेसाठी नंबर लावून वाट बघावी लागे. साखर कारखान्याच्या, दूध संघाच्या, बँकेच्या दारात त्याच उभ्या दिसू लागल्या. उस्तादांची जीप तेव्हा चांगल्या बैलजोडीच्या भावातही कुणी घेतली नसती. मी सुद्धा अशा दहा-बारा अमेरिकन गाड्या देशी करून दिल्या. काढलेली इंजिनं विहिरींवर पाणी उपसायला लागली. उस्तादांनी स्वतःच्या गाडीला मात्र हात लावू दिला नाही. लोक हसायचे, ते म्हणायचे, "जैसी आयी वैसी रहेगी." दर वेळी हे वाक्य ऐकलं की मी काहीतरी शोधायच्या निमित्तानं आत जायचो.

आणि तो देशी ब्लॉक? बारा वर्षांत एकदाही रस्त्यात बसला नाही. आधीच्यापेक्षा चांगला चालला. मी मनाला हेच समजावत राहिलो. काम करतो तो ब्लॉक, त्याची जात काय करायची आहे?

ऐंशी सालानंतर भाव पुन्हा फिरला. मोठ्या शहरांत शौकीन लोक निघाले होते, त्यांना लढाईतल्या जुन्या जीपा हव्या होत्या, आणि हव्या होत्या त्या अगदी होत्या तशाच. डावं स्टिअरिंग, पेट्रोल इंजिन, सगळं मूळचं. आम्ही जी जी सुधारणा केली होती तिनं तिनं भाव पडला होता. सोलापूरचा एक एजंट गावोगाव फिरून अशा गाड्या हुडकायचा. तो उस्तादांच्या दारात आला. गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि सरळ बोलला. इंजिन बदललेलं असेल तर नऊ हजार. मूळचं असेल तर वीस.

त्याच वर्षी उस्तादांनी आणि खालानं हजचा अर्ज भरला होता आणि नंबर लागला होता. जहाज मुंबईहून. दोघांचं भाडं आणि तिकडचा खर्च धरला तर नऊ हजारांत एकाचंही धड भागत नव्हतं, वीसमध्ये दोघांचं होत होतं. उस्तादांचे डोळे मोतीबिंदूनं अधू झाले होते, खालाचं पोट पुन्हा दुखायला लागलं होतं. पुढच्या वर्षी जाऊ असं म्हणण्यासारखी दोघांचीही तब्येत नव्हती. संघाच्या चेअरमननं काही रक्कम देऊ केली, उस्तादांनी हात जोडले. हजचा पैसा स्वतःच्या घामाचा लागतो, त्यात उसनं नको, कुणाचं दान नको, आणि फसवणुकीचा तर एक पैसाही नको, नाहीतर ती हज कबूलच होत नाही. मला समजावून सांगताना म्हणाले, "ये गाडी मेरे पसीने की है. इसका पैसा एकदम पाक है. इसी से जाऊंगा."

घेणारा साहेब चार दिवसांनी पुण्याहून येणार होता. त्या चार दिवसांत मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्या वेळी खाला अंगणात फेऱ्या मारत होती. तिकडे मक्केत काबेभोवती सात फेऱ्या घालाव्या लागतात, गर्दी असते, पायांना सवय हवी म्हणून ती रोज सकाळी भिंतीला हात न लावता सात फेऱ्या घालत होती. पाचव्या फेरीला दम लागला तर उंबऱ्यावर बसली आणि मला म्हणाली, "कल चार में बैठ गयी थी." मी तिला पाणी दिलं आणि परत आलो. दुसऱ्या वेळी उस्ताद जीप धूत होते. दिसत नव्हतं तरी हातानं चाचपून टायरच्या खाचांतली माती काढत होते. मी बादली धरून उभा राहिलो. तोंड उघडलं ते फक्त पाणी आणू का विचारायला.

घरी बायकोला सांगितलं. तिला बारा वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. ती म्हणाली, "सांगितलं तर म्हातारी जायची न्हाय, न्हाय सांगितलं तर गेली तरी गेल्यासारखं न्हाय. मला विचारू नका." आणि भांडी घासायला निघून गेली.

साहेब आला तो सभ्य माणूस होता. हातमोजे घातले, खिशातून छोटा आरसा काढला, चेसिस बघितली, मग बॉनेट उघडायला सांगितलं. नंबर ग्रीसखाली होता. उस्ताद मला म्हणाले, "साफ करके दिखा साहब को." मी फडक्यावर रॉकेल घेतलं आणि ज्या हातानं तो नंबर ठोकला होता त्याच हातानं पुसून उघडा केला. साहेबानं एकेक आकडा पुस्तकाशी ताडून पाहिला. तीनावर थांबला.

"हा तीन जरा वेगळा वाटतो," तो म्हणाला.

उस्ताद हसले. "फौज का काम है साब. लढाई चालू थी, कौन बैठेगा सुंदर अक्षर निकालते?"

साहेबही हसला. पण माणूस चोख होता, त्यानं वही मिटली आणि उस्तादांकडे बघून विचारलं, "उस्ताद, तुमच्या शब्दावर घेतो. इंजिन कधी बदललंय का?"

उस्तादांनी हात छातीवर ठेवला. "अल्ला की कसम, जैसा आया वैसा है. मेरे सिवा इसको एकीच आदमी का हात लगा, वो ये. पूछो इसको."

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "एकदा बोअर केलंय. बाकी तेच हाय."

एवढंच. आजपर्यंत मी मनाशी जे घोकलं होतं, की लोखंडाची जात बघू नये, चालतं ते चांगलं, ते सगळं त्या वेळी उपयोगाला आलं नाही. प्रश्न ब्लॉकचा राहिलाच नव्हता. त्या माणसानं माझ्या भरवशावर देवाची शपथ घेतली होती आणि मी ती खोटी करून टाकली होती. साहेबानं पैसे दिले. उस्तादांनी ते मोजले नाहीत, सरळ खालाच्या ओटीत टाकले. जीप गल्लीच्या वळणावरून गेली तेव्हा ते आवाज ऐकत उभे होते, मी जमिनीकडे बघत होतो.

आमच्या भागात हजला निघालेला माणूस आधी सगळ्यांची माफी मागून घेतो. घरोघरी जातो, ओळखीच्या, भांडणाच्या, व्यवहारातल्या सगळ्यांकडे. बोललंचाललं, दुखवलं, काही कमीजास्त झालं असेल ते माफ करा म्हणतो. उस्ताद आठ दिवस फिरत होते. भंगारवाले, पंक्चरवाले, संघाचा सचिव, तो हाकलून दिलेला ठेकेदार, कुणालाही सोडलं नाही. निघायच्या आदल्या दुपारी माझ्या घरी आले. बौद्ध वस्तीतला आमचा बोळ अरुंद, त्यांना नीट दिसत नव्हतं, एका हातानं भिंत धरत आले. बायकोनं खाटेवर चादर टाकली, चहा ठेवला. ते बसले नाहीत. माझ्यापुढे उभे राहिले आणि दोन्ही हात जोडले. मी त्यांचे हात धरले, म्हणालो, "उस्ताद, असं काय करताव?"

"करना पडता," ते म्हणाले. "तेरे कू मैं बहोत बोला रे. पाना मारा एक बार, याद है? तनखा देर से दिया. दुष्काल में तेरे पे सब छोडके गया. माफ कर दे."

मला रडू आलं. रडतच म्हणालो, "माफ केलं, उस्ताद." त्यांच्या रीतीप्रमाणे ते तोंडानं म्हणावं लागतं. माफ करायचं होतं कुणी कुणाला, आणि करत कोण होतं! तीन वेळा विचारलं त्यांनी, तीन वेळा मी म्हणालो. मग ते खाटेवर टेकले, चहा घेतला. बशी खाली ठेवून म्हणाले, "अब तू बोल. तेरा कुछ होएंगा तो बोल दे. मैं भी माफ करके जाता. वापस आता की नै आता, किसको मालूम."

ते सहज म्हणाले होते. सगळ्यांनाच तसं म्हणत होते. त्यांना संशय आला होता का, हे मला पुढे लोकांनी नाही, माझ्याच मनानं पुष्कळदा विचारलं. नव्हता. असता तर त्यांनी तो पैसा त्याच दिवशी पुण्याला परत पाठवला असता, आणि खालाला घेऊन घरी बसले असते. त्यांच्या अधू डोळ्यांत माझ्याबद्दल काहीही नव्हतं, फक्त वाट बघणं होतं. बायको चुलीपाशी उभी होती, तिनं हातातलं भांडं तसंच धरून ठेवलं होतं. मी सांगितलं असतं तर त्यांचं जहाज हुकलं असतं. नाही सांगितलं तर ते ज्यासाठी निघाले होते तेच हातचं जाणार होतं, आणि त्यांना ते कधी कळणारही नव्हतं.

"काय न्हाय, उस्ताद," मी म्हणालो.

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि उठले. बोळाच्या तोंडापर्यंत मी त्यांना हात धरून सोडलं. तिथून त्यांना अजून दोन घरं करायची होती. ते माझ्यासाठी माफी घेऊन आले होते, आणि तशीच ती परत घेऊन गेले.